दासीपुत्राचे धन

आपल्या चळवळीने जातीवर लिहिले, धर्मावर लिहिले, सत्तेवर लिहिले. भुकेवर आणि सावकारीवर तर आपल्या कवींनी व आत्मकथनकारांनी असे लिहिले की मराठी साहित्याला त्याची दखल घ्यावीच लागली. पैशावर मात्र आपण फारसे लिहिलेले नाही. पैसा हाती आल्यावर त्याचे काय करावे, तो असण्याचा संकोच बाळगावा की तोरा मिरवावा, त्यातला किती खावा, किती राखावा, किती समाजाला द्यावा, हे प्रश्न आपण घरातल्या भांडणांवर सोडून दिले. ह्याला कारण आहे. ज्यांच्या कनवटीला कधी पैसा नव्हता त्यांनी त्याचे तत्त्वज्ञान कशासाठी मांडावे? पण आज आपल्यातल्या पुष्कळ घरांत पगार येतो, कुठे पेन्शन येते, कुठे लहानसा धंदा उभा राहतो. आता हा प्रश्न टाळून चालणार नाही.

मी नालासोपाऱ्यात राहतो व इतिहास शिकवतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि पुढच्या वर्षांत कितीतरी कुटुंबे फंडाच्या पैशातून स्वस्त खोली घ्यायला विरार लोकलच्या ह्या टोकाला आली. त्यांत आमचेही एक होते. ह्या वस्त्यांत मला पैशाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. एक तऱ्हा अशी, की आपल्यातला कोणी चार पैसे मिळवू लागला की त्याच्याकडे संशयाने पाहायचे. पूर्वी शिकून नोकरीला लागलेल्यांना ‘दलित ब्राह्मण’ म्हणत, आता धंदा करणाराला ‘शेठ’ म्हणतात. शब्द बदलला, त्यातला डंख तोच. दुसरी तऱ्हा नेमकी उलट. आम्हीही कमी नाही हे दाखवण्यासाठी हळदीला डीजे लावायचा, लग्नाला हॉल घ्यायचा, गावजेवण घालायचे, आणि मग फायनान्सवाल्याचे हप्ते भरता भरता मुलीचे कॉलेज बंद पाडायचे. वरवर पाहता ह्या दोन टोकांच्या गोष्टी आहेत. माझ्या मते दोन्ही एकाच मुशीतून निघालेल्या आहेत, आणि ती मूस आपण घडवलेली नाही.

ती कोणी घडवली हे पाहायचे तर मनुस्मृती उघडावी लागते. दहाव्या अध्यायात मनू सांगतो की शूद्राला शक्य असले तरी त्याने धनसंचय करू नये, कारण धनवान झालेला शूद्र ब्राह्मणांना त्रास देतो. आठव्या अध्यायात तो म्हणतो की पत्नी, पुत्र आणि दास हे तिघे निर्धन होत. ते जे मिळवतील ते ज्याचे ते असतील त्याचे. त्याच अध्यायात व्याजाचा दरही वर्ण पाहून ठरवलेला आहे: ब्राह्मणाला महिना शेकडा २, क्षत्रियाला ३, वैश्याला ४ आणि शूद्राला ५. म्हणजे ज्याला साठवू द्यायचे नाही त्यालाच कर्ज सर्वांत महाग. आणि चांडाळाने अंगावर काय घालावे? लोखंडाचे दागिने. दारिद्र्य हे इथे कुणाच्या कपाळीचे दुर्दैव नव्हे. तो कायदा आहे, कलमवार लिहून ठेवलेला.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असते. त्याच परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेबांनी बायकांपुढे केलेले भाषण मात्र तितके आठवले जात नाही. त्यात त्यांनी अस्पृश्यतेची खूण ठरलेले कथलाचे व चांदीचे जड दागिने टाकून द्यायला सांगितले. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका, असा त्या सांगण्याचा अर्थ होता. वेशभूषेबद्दलचा हा उपदेश म्हणून आपण तो वाचतो. मला त्यात मनूच्या लोखंडी दागिन्यांना दिलेले उत्तर दिसते. एक कागद होळीत गेला, दुसरा गळ्यातून उतरवायचा होता. आणि ‘नाही तर घालू नका’ हा उत्तरार्धही तितक्याच मोलाचा आहे. ऋण काढून घाला असे त्यांनी सांगितले नाही.

मनूचा हा नियम सर्वत्र आणि सर्व काळी निमूटपणे मान्य होता काय? मी राहतो त्या गावाची साक्ष ह्याच्या विरुद्ध आहे. ती सविस्तर सांगितली पाहिजे, कारण नालासोपारा म्हटले की आज लोकांना फक्त लोकलची गर्दी आणि अनधिकृत चाळी आठवतात.

नालासोपारा म्हणजे जुने शूर्पारक. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत पश्चिम समुद्राशी व्यापार करणारे हे बंदर ग्रीक लेखकांनाही ठाऊक होते. ‘दिव्यावदान’ ह्या संस्कृत बौद्ध ग्रंथात ह्या नगरातल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. ती इतिहास नव्हे, अवदान आहे. पण माणसे आपल्या नगराविषयी कोणती कथा सांगतात हाही इतिहासच असतो. भव नावाचा श्रीमंत गृहस्थ आजारी पडतो. बायको आणि मुले त्याला टाकून देतात. घरातली दासी त्याची शुश्रूषा करते, औषधाला स्वतःजवळचे पैसेही घालते. तो बरा होतो आणि पुढे त्या दासीला त्याच्यापासून मुलगा होतो. तो पूर्ण. थोरले तिघे भाऊ समुद्रावर जाऊन कमाई करून येतात, पूर्ण गावातले दुकान सांभाळतो, आणि हिशेब होतो तेव्हा दुकानाची सचोटीची मिळकत भावांच्या कमाईला हार जात नाही.

बाप मरतो आणि भाऊ वाटणी करायला बसतात. घर आणि जमीन हा एक वाटा. दुकान आणि परदेशी असलेला माल हा दुसरा. तिसरा वाटा कोणता? पूर्ण! दासीच्या पोराला हिस्सा कोण देणार, तोच एक हिस्सा आहे, असे भाऊ म्हणतात. मनूचे ‘दास निर्धन होय’ हे वाक्य इथे घरच्या वाटणीत बसलेले दिसते. ज्याने दुकान चालवले तो स्वतःच जिन्नस झाला. थोरला भाऊ भविल घर आणि दुकान दोन्ही सोडतो व पूर्ण निवडतो. ही कथा मी वर्गात सांगतो तेव्हा ह्या ठिकाणी मुले हमखास गप्प होतात.

पुढे भविलच्या घरात खायला नसते. वहिनी पूर्णाच्या हाती एक खोटे नाणे देऊन न्याहारी आणायला पाठवते. वाटेत समुद्राकाठची लाकडे वाहणारा एक माणूस थंडीने कुडकुडताना भेटतो. पूर्णाला चंदनाची पारख होती. तो ओळखतो की ह्या मोळीत गोशीर्ष चंदन आहे. मोळीवाला ५०० कार्षापण मागतो. पूर्ण थोडे चंदन हजाराला विकतो, मोळीवाल्याचे ५०० चुकते करतो आणि उरलेले घरी देतो. पुढे राजाचा दाहज्वर ह्याच चंदनाने उतरतो व पूर्ण श्रीमंत होतो. एवढ्यात काही व्यापारी गलबतांतून माल घेऊन बंदरात येतात. शूर्पारकच्या श्रेणीने, म्हणजे व्यापाऱ्यांच्या संघाने, ठराव केलेला असतो की हा माल कोणी एकट्याने घ्यायचा नाही. पूर्ण विसार देऊन सगळा माल घेतो. श्रेणी त्याला धरून उन्हात उभा करते, दंड मागते. प्रकरण राजापुढे जाते. राजा एकच विचारतो, हा ठराव केला तेव्हा पूर्णाला किंवा त्याच्या भावाला बोलावले होते काय? नव्हते. मग पूर्ण बरोबर, तुम्ही चूक.

ह्या एका प्रश्नासाठी मला ही कथा आपल्या कामाची वाटते. ज्या सभेत आपल्याला बोलावलेच नव्हते तिचे नियम मोडले म्हणून आपल्याला उन्हात उभे करण्यात येते, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि तो बंद पडला. ज्या माणसाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध छापला, ज्याची साक्ष चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाने घेतली, त्याच्या अर्थज्ञानाला बाजारात जातीच्या भावाने मोजले गेले. आजही वसईच्या एका सोसायटीत आडनाव ऐकल्यावर आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा ठरलेला सौदा मोडला, आणि तेही विसाराची रक्कम तयार असताना. पैसा आला की जात जाते असे जे सांगतात त्यांनी हे विचारात घ्यावे.

पूर्ण शेवटी भिक्षू होतो. पण कधी? सहा समुद्रयात्रा यशस्वी केल्यावर, सातव्या खेपेला, गलबतावरच्या श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचन ऐकल्यावर. तो दारिद्र्याला कंटाळून संघात आलेला नाही. त्याने धन मिळवले, त्याला त्याची किंमत कळली, आणि मग त्याहून मोठे काही दिसले म्हणून ते मागे ठेवले. ज्याला मिळवूच दिले नाही त्याच्या त्यागाचे गोडवे गाणे ही थट्टा आहे. ही थट्टा आपल्या संतपरंपरेच्या नावाने पुष्कळ झाली.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्या टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचे कोट’ म्हणत. बुरूड ही महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या यादीतली जात. ह्यावरून तिथे बुरुडांचे राज्य होते असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण बांबू सोलणाऱ्या जातीच्या नावामागे राजा हा शब्द लावण्यात कुणाला अवघडल्यासारखे वाटले नाही, एवढे खरे. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे १३ तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. हे सर्व आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. ज्यांनी हे मांडले त्यांना सोन्याची लाज वाटत नव्हती, आणि मातीचे मोल सोन्यापेक्षा अधिक आहे हेही ठाऊक होते.

त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावला मिळाला, म्हणजे नागपूरला दीक्षा झाली त्याच वर्षी. चौदा लेखांपैकी नेमके हेच दोन आपल्या वाट्याला यावेत हा योगायोग. पण दोन्ही लेख, इतर ठिकाणच्या प्रतींवरून पूर्ण वाचले असता, खर्चाविषयी आहेत. आठव्यात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींवर जात. आपण धम्मयात्रा सुरू केली आणि तीत श्रमण-ब्राह्मणांना दान देणे, वृद्धांना भेटून त्यांना सोने देणे, लोकांना भेटणे असते. राजाचा तोच खजिना, फक्त त्याची वाट बदलली. नवव्यात तो म्हणतो की आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माला, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, बायका तर क्षुल्लक विधी फारच करतात, आणि त्यांचे फळ थोडे. (दोष बायकांच्या माथी मारण्याची खोड सम्राटालाही सुटलेली नव्हती.) खरे मंगल कोणते? दास आणि मजूर यांच्याशी नीट वागणे, हे तो सर्वांत आधी सांगतो.

लग्नाचा खर्च आणि दासाची वागणूक ह्या दोन गोष्टी एका लेखात का याव्यात, हे मला पुस्तकातून कळले नाही. ते मला ह्याच तालुक्याच्या डोंगरपट्टीने शिकवले. ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ नावाची प्रथा होती. वारली, कातकरी तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम उचली आणि त्या बदल्यात त्याच्याकडे राबे, बायकोसुद्धा राबे. मजुरी काय धरायची आणि कर्ज किती फिटले हे धनकोनेच ठरवायचे. ते कधी फिटत नसे. एका रात्रीच्या मांडवातून आयुष्यभराचा दास निर्माण होई. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात हे सगळे आलेले आहे. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाने तलासरी-उंबरगाव भागात वेठीचे आणि लग्नगडीचे कंबरडे मोडले, तरी वेठबिगार नष्ट करणारा कायदा यायला १९७६ साल उजाडले, आणि वसई तालुक्यात वेठबिगार सोडवण्यासाठी श्रमजीवी संघटनेला १९८२ नंतरही झगडावे लागले. लग्नाचा मांडव आणि दास्य ह्यांतले अंतर किती थोडे आहे हे अशोकाच्या दगडावर होते, आणि त्या दगडापासून काही कोसांवर ते माणसांच्या पाठीवर होते.

म्हणून आपल्या वस्तीतल्या लग्नाच्या कर्जाकडे मी केवळ उधळपट्टी म्हणून पाहू शकत नाही. फायनान्सवाला जमीनदाराइतका उघड नसतो. तो हप्ता मागतो, आणि हप्त्यासाठी माणूस जादा पाळी करतो, मालकाचे वाटेल ते ऐकून घेतो, संघटनेच्या सभेला येणे सोडतो. सत्यशोधक समाजाने १८७३ पासूनच भटाविना, कमी खर्चाचे लग्न लावायला सुरुवात केली ती केवळ भटाच्या दक्षिणेसाठी नव्हती. आणि ती करणारे जोतीराव स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत भागीदार होते, हे आपल्या जयंतीच्या भाषणांत का येत नाही? कंत्राटातून मिळालेला पैसा चळवळीत गेला. धंदा केल्याने त्यांचा विद्रोह बोथट झाला नाही.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात दोन लहान प्रकरणे एकापुढे एक ठेवलेली आहेत. एकात बुद्धाला दारिद्र्य आवडत नसे हे सांगितले आहे. दुसऱ्यात त्याला संग्रहाची हाव आवडत नसे हे. ही मांडणी सहज झाली असे मला वाटत नाही. पहिले प्रकरण वाचले नाही तर आपण दारिद्र्याची पूजा करू लागतो, दुसरे वाचले नाही तर बंगल्याची. अंगुत्तर निकायात बुद्ध अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगतो: आपल्या कष्टाचे, न्यायाने मिळवलेले धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे व त्यातून सत्कृत्य करण्याचे सुख, कोणाचे देणे नसण्याचे सुख, आणि निर्दोष आचरणाचे सुख. तिसऱ्या सुखावर मी नेहमी थांबतो. ऋण नसणे ही उणीव भरून काढणे नव्हे, ते एक सुख म्हणून मोजलेले आहे. आमच्या आईला ते कळत होते. संपाच्या काळात तिने भिशीचे पैसे एकदाही चुकवले नाहीत, आणि दुकानदाराची उधारी फिटली त्या दिवशी तिने घरात गोड केले.

राखणे आणि कंजुषी ह्यांतला फरकही ह्याच परंपरेत सापडतो. विनयपिटकात आनंदाला उदयन राजाच्या अंतःपुरातून ५०० वस्त्रे मिळतात. राजा विचारतो, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणतो, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. जुन्या चीवरांचे? पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? आणि असे करीत करीत शेवटची चिंधी चिखलात कालवून जमीन लिंपायला जाते. राजाचे समाधान होते. हा हिशेब आपल्या आज्यांना शिकवावा लागला नव्हता. लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पोतेरे त्या करीतच होत्या. फक्त त्याला आपण गरिबी म्हणत आलो.

राहिला ‘शेठ’. आमच्या वस्तीत सेंट्रिंगची कामे घेणारा आपला एक तरुण आहे. दोन मिक्सर घेतले, दहा-बारा माणसे ठेवली, विहाराच्या पत्र्याला पैसे दिले, आणि तरी बैठकीत त्याला टोमणे बसत. मी तिथे म्हटले, त्याने मिळवले हा प्रश्न नव्हे. त्याच्याकडे जव्हार-मोखाड्याची माणसे कामाला आहेत, त्यांना तो काय देतो ते विचारा. अशोकाचा प्रश्न तोच आहे. लोकांना हे अनपेक्षित होते, त्यालाही. पण तो उठला आणि हजेरीची वही घेऊन आला. हजेरी आठवड्याची होती, दर बाजारभावाचा होता, बाईचा पुरुषापेक्षा कमी होता. काही नावांपुढे उचल लिहिलेली होती. व्याज नव्हते. पण दोघांची उचल आदल्या दिवाळीपासून तशीच पुढे ओढलेली होती, आणि त्यातल्या एकीच्या कारणाच्या रकान्यात ‘लग्न’ असा शब्द होता. त्या दोन नावांवर आम्ही रात्री साडेअकरापर्यंत बोलत बसलो.